दुर्बिणीतून जे दिसलं, ते आधी तिला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मूल होण्यातल्या अडचणी आणि त्यांवरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया यांची माहिती आली होती. छोटी छिद्रं, कमी दुखणं, एक-दोन दिवसांत घरी. हे सगळं खरं आहे. मी मिरजेत ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका होते आणि माझ्या नोकरीचा बराचसा काळ स्त्रीरोगाच्या टेबलापाशी गेला. पोट उघडून केलेली ऑपरेशनं पाहिली आणि दुर्बिणीचीही पाहिली. त्या लेखात एक गोष्ट आली नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

ज्या बाईला अजून मूल हवं आहे, तिच्यासाठी दुर्बिणीचा मोठा फायदा टाके लहान असण्यात नाही. पोट उघडलं की आतले अवयव कोरडे पडतात, हाताळले जातात आणि बरे होताना एकमेकांना चिकटतात. बीजकोशातून पिशवीकडे बीज नेणाऱ्या नळीचं टोक असं चिकटून बसलं तर बीज उचलायला ते मोकळं राहत नाही. म्हणजे मूल व्हावं म्हणून केलेलं ऑपरेशनच आड येतं. दुर्बिणीत हे चिकटणं बरंच कमी होतं, पूर्ण टळत नाही. गर्भपिशवीच्या आतला पडदा, पॉलिप म्हणजे अस्तराचा वाढलेला कोंब, किंवा आतल्या बाजूला वाढलेली गाठ असेल तर पोटाला छिद्रसुद्धा पाडावं लागत नाही, खालच्या वाटेने बारीक दुर्बीण आत जाते. आमच्या भागातल्या थोरल्या बायकांना दुर्बीण कळली ती कुटुंब नियोजनाच्या शिबिरांतून, बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणून. त्यामुळे सुनेला दुर्बीण घालायची म्हटलं की एखादी सासू अजूनही दचकते, 'अहो, त्याने तर नळ्या बांधतात ना?' तिला समजावून सांगायला वेळ द्यावा लागतो, तो द्यायलाच हवा.

आता मुद्द्याचं. नळ्या उघड्या आहेत का हे कसं बघतात, ते वाचकांना माहीत असावं. पेशंटला पूर्ण भूल दिलेली असते. टेबल डोक्याकडून खाली केलेलं असतं, म्हणजे आतडी वर सरकतात आणि पिशवी मोकळी दिसते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केलेली असते. बेंबीपाशी दहा मिलिमीटरची वाट, बाजूला पाच मिलिमीटरच्या एक-दोन. मग खालून एक जण सिरिंजने निळं औषध हळूहळू पिशवीत सोडतो आणि सगळ्यांचे डोळे पडद्यावर लागतात. उजवी नळी निळसर होत जाते आणि तिच्या टोकाच्या झालरीतून निळं पाणी सांडतं. डावी फुगते, फुगतच राहते, एक थेंब पडत नाही. कधी दोन्हीकडे काहीच होत नाही, सिरिंज दाबणाऱ्याच्या हाताला नुसता दाब लागतो. एवढ्या वेळात जे दिसतं त्यावर पुढचं बरंच ठरतं: काही महिने वाट पाहायची, औषधं घ्यायची, की टेस्ट ट्यूब बेबीचा विचार करायचा.

यानंतर डॉक्टर मास्क खाली ओढून थिएटरच्या दाराशी येतात. बाहेर नवरा, सासू, कधी दीर, कधी गाडी घेऊन आलेला गावातला कुणी. 'एक नळी बंद आहे, दुसरीही फारशी चांगली नाही,' हे त्या सगळ्यांना दारातच सांगितलं जातं. ती आत अजून भुलीत असते. जत तालुक्यातल्या एका मुलीचं मला विसरता येत नाही. ती संध्याकाळी नीट शुद्धीवर आली तेव्हा आधी खांदा का दुखतो म्हणून विचारत होती. गॅसमुळे दुखतो, एक-दोन दिवसांत थांबतो, असं मी तिला सांगितलं. मग तिने पोटात काय निघालं ते विचारलं आणि खाटेपाशी बसलेल्या सासूने तोंड फिरवलं. तिला ते कळलं आईच्या फोनवरून. ती शुद्धीवर यायच्या आत सासूने तिच्या माहेरी कळवलं होतं, 'तुमच्या मुलीतच दोष निघाला.' त्या नवऱ्याची वीर्यतपासणी तोवर झालेलीच नव्हती.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बरोबरीने असतं. ती तपासणी साधी आहे, स्वस्त आहे, तिला भूल लागत नाही आणि सुरीही लागत नाही. तरी बाईच्या पोटात दुर्बीण आधी जाते आणि नवऱ्याची बाटली नंतर येते, कधी येतच नाही. रिपोर्ट फाइलला लावल्याशिवाय टेबल मिळणार नाही, असं ठामपणे सांगणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. तिथे नवरे दोन दिवसांत तपासणी करून येत.

आपल्याकडे संमतीपत्रावर बाईची सही असते, पण उत्तर नातेवाइकांना द्यायचं असा रिवाज पडला आहे. कायदा तसं म्हणत नाही. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दिलेला निकाल सगळ्यांनी समजून घ्यावा. 1995 मध्ये दिल्लीत 44 वर्षांची एक अविवाहित बाई पाळीच्या जास्त रक्तस्रावासाठी डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन पिशवी आणि बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. पेशंट सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, मग ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. आईची सही चालत नाही. मग सासूची कशी चालेल?

'आत गेलोच आहोत तर' हे वाक्य मी थिएटरमध्ये पुष्कळदा ऐकलं आहे. बीजकोशात खूप बारीक पुटकुळ्या दिसल्या की जाता जाता छिद्रं पाडून टाकायची. पीसीओएसमध्ये, म्हणजे बीज नियमित तयार न होण्याच्या विकारात, आधी बीज तयार होण्याच्या गोळ्या देऊन पाहायच्या आणि त्यांनी काम झालं नाही तर छिद्रांचा विचार करायचा, असा क्रम आहे. पाणी भरून फुगलेली नळी काढून टाकली तर टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात यश वाढतं, हेही बरोबर आहे. पण नळी काढल्याचं त्या बाईला माहीत नसेल तर ती दर महिन्याला आपोआप दिवस राहण्याची वाट बघत बसते. या शक्यता आदल्या दिवशी तिच्याशी बोलता येतात: असं दिसलं तर हे करू का, तसं दिसलं तर थांबू का. बोलायला फार तर दहा मिनिटं जातात.

आणि लिहून द्यायचं. आमच्या शेजारच्या मुलीची फाइल मी स्वतः चाळली. पाळीत इतकं दुखायचं की ती कॉलेज बुडवून पडून राहायची. लग्नाआधी 'लग्न झालं की थांबेल' आणि लग्नानंतर 'मूल झालं की थांबेल', यातच तिची वर्षं गेली. शेवटी एन्डोमेट्रिओसिसचं, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याच्या आजाराचं, निदान झालं, दुसऱ्या एका शहरात दुर्बिणीतून ऑपरेशनही झालं. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ: 'लॅप्रोस्कोपी केली, चॉकलेट सिस्ट काढली.' ही सिस्ट म्हणजे या आजारात बीजकोशात होणारी जुन्या रक्ताची गाठ. कोणत्या बाजूची, आवरण सोलून काढलं की नुसती रिकामी केली, आतडं चिकटलं होतं का, नळ्यांतून निळं औषध गेलं का, काही नाही. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी हेच सगळं विचारलं, तिच्याकडे उत्तर नव्हतं. मग पुन्हा दुर्बीण घालून बघू या, असं बोलणं सुरू झालं. चॉकलेट सिस्टचं आवरण सोलताना त्याला लागून असलेला बीजकोशाचा चांगला भागही थोडा जातो, त्यातली बीजं जातात, ती परत येत नाहीत. म्हणून त्या जागेवर विनाकारण दुसरं ऑपरेशन नको असतं. एका पानाच्या टिपणाने आणि दोन फोटोंनी ही वेळ टळली असती. दुर्बिणीला कॅमेरा जोडलेला असतो, पडद्यावर दिसणारं जपून ठेवता येतं. मग ते बाईच्या हातात का पडू नये?

पिशवीच्या गाठीचंही तसंच. भिंतीतली गाठ काढताना भिंत किती खोल कापली गेली, आतली पोकळी उघडली का, हे पुढच्या बाळंतपणात महत्त्वाचं असतं. कळा सुरू झाल्यावर ती जागा फाटण्याचा धोका असतो, म्हणून काहींना सिझेरियनच करावं लागतं. रात्री कळा आल्यावर आटपाडीच्या किंवा पलीकडे कर्नाटकात अथणीच्या डॉक्टरला हे कोण सांगणार? कागदच सांगेल.

टीबीचं तर आणखी गंभीर आहे. आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे टीबी हे मोठं कारण आहे आणि बाईला बहुतेकदा खोकला नसतो, तापही नसतो. दुर्बिणीत नळ्यांवर पांढरे बारीक दाणे दिसतात, नळ्या जाड झालेल्या दिसतात, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणीला जातो. कल्चरचा, म्हणजे तुकड्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. तोवर ती घरी, शेतात, कामाला. फोन नंबर नवऱ्याचा लिहिलेला. रिपोर्ट आला की तो कुणी कुणाला कळवायचा, हे ठरलेलंच नसतं. सहा महिन्यांची औषधं सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात आणि ती वेळेवर सुरू झाली तर बिघाड वाढत नाही. एकट्या पीसीआरच्या, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवरून मात्र कुणी ही औषधं सुरू करू नयेत, तुकड्याची तपासणी, कल्चर आणि दुर्बिणीतलं चित्र सगळं मिळून डॉक्टरांनी ठरवायचं असतं. त्यासाठीही दुर्बिणीत काय दिसलं ते लिहिलेलं हवंच.

डॉक्टरांची बाजू मला माहीत आहे. एकामागून एक ऑपरेशनं लागलेली असतात, भूलतज्ज्ञ पुढच्या पेशंटसाठी खोळंबलेले असतात आणि दारात उभी माणसं 'काय झालं' म्हणून विचारणारच. पण 'ऑपरेशन नीट झालं, ती बरी आहे, बाकीचं तिच्याशी बोलून सांगतो' एवढं उत्तर पुरतं. एक डॉक्टर मी पाहिले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल ओढून खाटेपाशी बसत. नवऱ्याला शेजारी बसवत, बाकीच्यांना बाहेर पाठवत. लेटरपॅडच्या मागच्या बाजूला पिशवी आणि दोन नळ्यांचं चित्र काढून कुठे काय दिसलं ते पेनने दाखवत. तो कागद बायका घडी करून फाइलमध्ये ठेवत, आणि पुन्हा दाखवायला येताना तो काढून पुढे करत. आमच्याकडे सीमेपलीकडून कन्नड बोलणाऱ्या बायकाही पुष्कळ येतात. त्यांना इंग्रजी टिपणापेक्षा हे चित्र जास्त कळत असे.

2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. ती तीन वर्षं जपून ठेवण्याचं बंधन आहे. उशीर केला तर हाती काही लागेल याची खात्री नाही, म्हणून डिस्चार्जच्या वेळीच ऑपरेशनच्या टिपणाची प्रत आणि फोटो मागून घ्यावेत. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संघटनांना माझी विनंती आहे की मराठीत, आणि आमच्यासारख्या भागात कन्नडमध्येही, एक छापील पान करावं: नळ्या, बीजकोश, पिशवी, काय दिसलं, काय केलं, काय राहिलं. आणि संमतीपत्रावर एक ओळ वाढवावी, ऑपरेशननंतर माहिती कोणाला द्यायची. ती ओळ बाईला एकटीला बसवून भरून घ्यावी, सासूसमोर नव्हे. हे काम वॉर्डातल्या सिस्टर करू शकतात.

ज्या मुलीचं असं ऑपरेशन येत्या दिवसांत ठरलं असेल, तिने या छापील ओळीची वाट पाहू नये. सही करतानाच सांगावं, 'जिवाला धोका नसेल तर बाहेर कुणाला काही सांगू नका, मी शुद्धीवर आल्यावर मला सांगा,' आणि हे वाक्य आपल्या हाताने फॉर्मवर लिहावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)