आई-बाबा, पुढच्या जूनचं ठरवून टाकलंय

मौन, बोत्स्वाना
5 जुलै

ती. आई व ती. बाबा यांस शि. सा. नमस्कार.

आधी कबुली देते. ऑफिसच्या कामासाठी मौनला जातेय असं फोनवर म्हणाले होते, ते खरं नव्हतं. मी तीन रात्री ओकावांगोच्या पाणथळीत, एका तंबूंच्या कॅम्पवर राहून आले. सगळं नीट बघून घेतलं आणि निघताना पुढच्या जूनच्या शेवटच्या आठवड्यासाठी तुम्हा दोघांचं बुकिंग करून टाकलं. निम्मे पैसे भरलेत, ते परत मिळत नाहीत. बाबा, चष्मा काढून कपाळ चोळू नका. महाग आहे, खरंच महाग आहे. मुद्दाम थोडेच तंबू आणि थोडेच पाहुणे ठेवतात, म्हणून ते जंगल टिकलंय. पण मी इथली रहिवासी असल्याने दर पुष्कळ कमी लागला, आणि कर्ज काढलेलं नाही. फेब्रुवारीत बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी आले नाही. दादा-वहिनीने सगळं केलं आणि मी फक्त पैसे पाठवले. तेव्हापासून रात्री झोप लागायला वेळ लागतो. हे पैसे त्याची भरपाई नाहीत, मला कळतं. मला फक्त तुम्ही दोघं तीन दिवस माझ्याजवळ हवे आहात. तेही माझ्या गॅबोरोनच्या फ्लॅटमध्ये नव्हे, कारण तिथे मी सकाळी आठला निघून जाते.

आणि आई, तुला पाण्याजवळच का नेतेय, तेही सांगते.

बाबा, तुमच्या पाटबंधारे खात्यातल्या कुणीही पाहिला नसेल असा हा पूर आहे. पाऊस पडतो वर अंगोलाच्या डोंगरात, नोव्हेंबर ते मार्च. ते पाणी नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोत्स्वानात येतं आणि इथे पसरायला जून-जुलै-ऑगस्ट उजाडतो, म्हणजे ऐन थंडीत, ढगाचा टिपूस नसताना. उतार इतका कमी, की तीन-साडेतीन किलोमीटरला जेमतेम एक मीटर. तुमच्या टीएमसीत सांगायचं तर वर्षाला तीन कोयना भरून थोडं उरेल एवढं पाणी येतं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं ऊन आणि झाडं पिऊन टाकतात. नदी समुद्राला मिळतच नाही. वाटेत एकही मोठं धरण नाही. आपल्या कृष्णेसारखं पुढे आलमट्टी धरण नाही की त्याचा फुगवटा नाही. मला तुमचा चेहरा दिसत होता.

कॅम्पवर जायच्या आदल्या दिवशी मौनमध्ये थामालाकाने नदीवर गेले होते. कोरड्या गवतातून पाणी बोटाबोटाने पुढे सरकत होतं, किडे पळत होते, मागे बगळे. माणसं लेकरांना कडेवर घेऊन ते बघायला आली होती. शेजारी एक आजी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 2019 मध्ये पाणी आलंच नाही, पात्र कोरडं पडलं, पाणघोडे चिखलात रुतून बसले. 2019, आई. आपल्या सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आपण माळ्यावरून होडीत उतरलो, त्याच वर्षी इथली माणसं पाण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. मी त्यांना आपल्या घराचं सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, बराच वेळ. इथल्या पैशाचं नावही पुला आहे, म्हणजे पाऊस.

आई, त्या पुरापासून तू नदीकडे बघत नाहीस. घाटावर येत नाहीस, कृष्णामाईची ओटी वहिनीच्या हाती पाठवतेस. मी तुला काही शिकवायला निघालेले नाही गं. नसेल बघायचं तर तंबूत पाठ करून बस, मी तुझे पाय चेपीन. पण मला वाटतं, इतकं हळू येणारं पाणी तुला बघवेल.

सोयी विचारशीलच. तंबू म्हणजे वर कापड असलं तरी खाली भक्कम लाकडी फळ्यांची जमीन, आतच बाथरूम, उंच कमोड, गरम पाणी. धक्क्यापासून वर पाच पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना कठडा आहे. तुझ्या गुडघ्यांसाठी मी त्या चढून-उतरून पाहिल्या. मोकोरो नावाच्या अरुंद होडीत पाण्याला टेकून बसावं लागतं, ते तुला जमायचं नाही. खुर्च्यांची मोटरबोट सांगून ठेवलीय. रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात, पहाटे जीपमध्येही मांडीवर देतात. स्वयंपाकघरातल्या ताईंना मुगाची खिचडी करून दाखवली. तिसऱ्या दिवशी त्यांची माझ्यापेक्षा मऊ झाली. चहा दुधाचा मिळतो, आलं मी नेईन.

आणि तुझ्या माहेरची एक गोष्ट. इथली पुष्कळ बेटं वारुळावर उभी राहतात. वाळवी वारूळ बांधते, ते पाण्याच्या वर राहतं, त्यावर पक्षी बी टाकतात, झाड येतं, मग बेट वाढत जातं. मला शिराळ्याची नागपंचमी आठवली, तू मला दुधाची वाटी धरायला लावायचीस ती.

पहिल्या रात्री तंबूबाहेर पाणघोडा चरत होता. गवत उपटल्याचा आवाज अगदी उशाशी. भीती वाटली म्हणून मी पांघरूण डोक्यावर घेतलं आणि पुटपुटत आकडे मोजले. 38, 39, 40. बाबा, तुम्ही मला आकडे आयर्विनच्या खांबावरच्या पाण्याच्या खुणांवर शिकवलेत, माझं मनगट धरून. बेचाळीसपर्यंत गेले आणि झोप लागली.

भीतीचं लपवत नाही. कॅम्पला कुंपण नसतं. अंधार पडला की त्यांचा माणूस सोबत असल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, बाबा, तुम्हीसुद्धा. वायरलेस आहे, दिवसा विमान मागवून मौनला नेता येतं, विमाही काढणार आहे. पण रात्री तिथे विमान उतरत नाही. म्हणून डॉक्टरांनी होकार दिला तरच यायचं. मार्चमध्ये इको आणि टीएमटी या हृदयाच्या तपासण्या करून घ्या, रिपोर्ट मला पाठवा. ते नको म्हणाले तर बुडालेल्या पैशांबद्दल मी एक शब्द बोलणार नाही.

बाकी ऐका. तिकिटं दुबई-जोहान्सबर्गमार्गे काढतेय. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे स्वस्त पडलं असतं, पण मग पिवळ्या तापाच्या लशीचा प्रश्न येतो, आणि साठीनंतर ती फार जपून देतात. मलेरियाचा धोका थंडीत कमी असतो, तरी गोळ्यांचं हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारायचं, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला नाही. छोट्या विमानात माणशी 20 किलो, तेही मऊ बॅगेत, तेव्हा ती लाल सुटकेस आणू नका. पेढे, तूप काहीही नको. लाळ्या-खुरकतीच्या भीतीने दुधाच्या पदार्थांवर कडक बंधनं आहेत. आई, स्वेटर दोन आण, एकावर भागवू नकोस. रोज संध्याकाळी गणपती मंदिरापर्यंत चालायचं, दोघांनी, बोलत बोलत.

रागावला असाल तर रविवारी फोनवर रागवा. मी उचलीन.

तुमची,
चिमी

ता. क. : पाऊस लागलाय म्हणे. आयर्विनला 35 फूट झाले की थांबायचं नाही, दादाकडे पुण्याला जायचं. बाबा, धोक्याच्या 45 ची वाट बघत पुलावर उभं राहू नका. निळी ट्रंक माळ्यावरच राहू दे, खाली काढू नका.