७७७ ठोकून प्रश्न सुटत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात कॉम्प्युटरवर लेख येतात ते आमची मुलं आवर्जून वाचतात म्हणून हे लिहितोय. मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्सच्या मशीन सांभाळतो. लॅबमध्ये कुठेही 'परमिशन डिनाइड' आलं की मुलं, आणि सर लोकंसुद्धा, सरळ चमॉड ७७७ मारून मोकळे होतात, म्हणजे परमिशन बदलायच्या कमांडने ती फाइल किंवा फोल्डर मालक, ग्रुप आणि बाकी सगळे अशा तिघांनाही पूर्ण मोकळं करतात, काम चालू झालं ना मग झालं.

मागच्या सेमिस्टरला एका मुलीचा प्रोजेक्ट रिपोर्ट गेला. तिने बिचारीने फाइल ४४४ करून ठेवलेली, म्हणजे तिलासुद्धा फक्त वाचता येईल अशी, तरी दुसऱ्या ग्रुपच्या मुलाने जागा रिकामी करताना ती उडवली. फाइल डिलीट करायच्या आरएम कमांडने त्याला विचारलंही होतं की फाइल राइट-प्रोटेक्टेड आहे, काढू का, त्याने वाय दाबलं आणि गेली. ती मला विचारत होती, सर मी लॉक केलेली ना मग गेली कशी?

तर फोल्डर म्हणजे नावांची यादी असते, शाळेतल्या जनरल रजिस्टरसारखी. फाइल डिलीट करणं म्हणजे त्या यादीतून नाव खोडणं, आणि खोडायचा हक्क रजिस्टर ज्याच्या हातात त्याचा, तिथे फाइलची परमिशन कोणी बघत नाही. फोल्डरवर आर (रीड) असेल तर नावं दिसतात, डब्ल्यू (राइट) असेल तर नावं घालता-काढता येतात, पण एक्स (एक्झिक्यूट) नसेल तर आत पाऊलच टाकता येत नाही, मग डब्ल्यूचाही उपयोग नाही. फोल्डर ७७७ म्हणजे रजिस्टर आणि पेन दोन्ही चौकात ठेवल्यासारखं आहे. हे प्रॅक्टिकलला शिकवतच नाहीत, ४-२-१ ची बेरीज (आरचे ४, डब्ल्यूचे २, एक्सचा १, सगळे मिळून ७) पाठ करून घेतात आणि तीही फाइलपुरती.

मग मी प्रत्येक प्रोजेक्टचा वेगळा युनिक्स ग्रुप केला, चग्रुप कमांडने फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर केलं आणि ३७७० लावलं. शेवटचे ७७० म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळं, बाहेरच्यांना काहीच नाही. यातल्या पहिल्या ३ मध्ये २ आहे सेटजीआयडीचा, त्यामुळे आत कोणीही नवी फाइल केली तरी ती फोल्डरच्याच ग्रुपची होते, करणाऱ्याच्या प्रायमरी ग्रुपची नाही, आणि १ आहे स्टिकी बिटचा, म्हणजे दुसऱ्याची फाइल उडवता येत नाही, ती फाइलचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूट, म्हणजे मशीनचा मुख्य अ‍ॅडमिन, हेच काढू शकतात. प्रत्येक लिनक्स मशीनवर टेम्प फोल्डर, म्हणजे सगळ्यांच्या तात्पुरत्या फाइलींची जागा, याच स्टिकीवर चालतं, तिथे १७७७ असतं.

तरी पहिले दोन दिवस मुलांना एकमेकांच्या फाइली एडिट होईनात. आमच्याकडे उमास्क, म्हणजे नव्या फाइलीतून कोणत्या परमिशन वजा करायच्या ते सांगणारा आकडा, ०२२ होता, तो ग्रुपचा राइट काढून टाकतो, ०२ केल्यावर जमलं. जुन्या फाइलींचा ग्रुप मात्र आपोआप बदलत नाही, आणि एमव्ही कमांडने त्याच डिस्कवरून हलवून आणलेली फाइल जुनाच ग्रुप घेऊन येते, हे लक्षात ठेवावं लागतं. युजरमॉड कमांडने मुलाला नव्या ग्रुपमध्ये घालताना कॅपिटल जीबरोबर स्मॉल ए विसरला तर तो बाकीच्या जादा ग्रुपमधून बाहेर पडतो, आणि परत लॉगिन केल्याशिवाय नवा ग्रुप लागू होत नाही.

यावर एक सविस्तर लेख छापा अशी मनापासून विनंती आहे. त्या मुलीने रिपोर्ट परत टाइप केला आणि सबमिट करायच्या आधी शेजारच्या मैत्रिणीला मुद्दाम सांगितलं, माझी फाइल उडवून बघ. स्क्रीनवर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तेव्हा कुठे ती उठून घरी गेली.

– एक लॅब असिस्टंट, सांगली जिल्हा