रिपोर्ट चांगला आला, तरी धास्ती का जात नाही

नेरूळ, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आईच्या मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, कॅन्सरची शंका आली होती, पण बायोप्सीत, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, काही निघालं नाही. बाबांनी ठाण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना फोनही केले. पण आईला झोप लागत नाही आणि आता पुन्हा त्या मशीनखाली जाणार नाही असं ती म्हणते, हे मावशीकडून कळलं. फोनवर हे नीट बोलून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

आई, भीती अजून आहे म्हणून तू मनाने कच्ची ठरत नाहीस. डेन्मार्कमधला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. तपासणीत शंका आली आणि नंतर कॅन्सर नाही असं कळलं, अशा बायकांच्या मनावरचा ताण 3 वर्षांनीही इतरांपेक्षा जास्त होता. म्हणून बाबा, "झालं ना आता, विसर" असं तिला म्हणू नका. ती बोलेल तेव्हा फक्त ऐका.

बाबा, तुम्ही धसका घेतला तो '4ए' या आकड्याचा. ती स्टेज नव्हती. स्टेज ठरते कॅन्सर सिद्ध झाल्यावर. हा आकडा मॅमोग्राफीचा फोटो पाहून किती संशय येतो एवढंच सांगतो. 4ए म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता 2 ते 10 टक्के. रिपोर्ट हातात देताना कोणीतरी दोन मिनिटं थांबून हे सांगायलाच हवं होतं, याचा मला अजून राग येतो.

फोटोत दिसले ते कॅल्शियमचे बारीक दाणे. वयानुसार असे दाणे बऱ्याच जणींत होतात आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण काही वेळा ते एका जागी पुंजका करून बसतात, आणि अगदी सुरुवातीचा कॅन्सरही तसाच दिसतो. नुसत्या फोटोवरून फरक कळत नाही, म्हणून तुकडा काढावा लागतो. काढलेल्या तुकड्यांचा लगेच एक्स-रे घेतात, दाणे त्यात आलेत याची खात्री करायला. तेव्हा सुई भलतीकडेच गेली असेल ही शंका मनातून काढ. डॉक्टरांना एकच विचारा: फोटोत दिसलं त्याच्याशी पॅथॉलॉजीचा निष्कर्ष जुळतो का? जुळत असेल तर तसं लिहून घ्या. जुळत नसेल तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. दुसरं मत हवंसं वाटलं तर लॅबमधून स्लाइड (काचेवरचे पातळ काप) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) दोन्ही मागून घ्या. टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र इथे खारघरलाच आहे.

अंघोळीच्या वेळी हाताला लागतं ते टणक बहुधा सुईच्या जागी साकळलेलं रक्त आहे. काही आठवड्यांत ते विरतं. दिवसातून दहादा चाचपू नकोस, त्याने जागा दुखरी राहते आणि जीव टांगणीला लागतो. लाली, ताप किंवा वाढती सूज दिसली तर मात्र त्याच दिवशी दाखव. त्या जागी धातूची इवलीशी क्लिप ठेवली असेल तर पुढच्या फोटोत ती दिसेल. घाबरू नकोस, ती खूण असते.

पुढचा फोटो साधारण 6 ते 12 महिन्यांनी सांगतील. तो चुकवायचा नाही. अमेरिकेत 10 लाखांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासल्या, 2024 साली ते प्रसिद्ध झालं: पहिल्यांदाच नॉर्मल ठरलेल्या 77 टक्के जणी पुढच्या तपासणीला आल्या, बायोप्सीची वेळ येऊन काही न निघालेल्या 67 टक्केच. खोट्या धोक्याचं हे नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं.

जाताना जुन्या फिल्म, सीडी आणि बायोप्सीचा रिपोर्ट, तिन्ही न्या. जुना फोटो शेजारी ठेवला की उगाच परत बोलावणं बरंच टळतं. त्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर नको, त्याचे कण दाण्यांसारखे दिसतात. साडी किंवा कुर्ता-सलवार घाल, म्हणजे वरचंच काढावं लागेल. रिपोर्ट कधी आणि कोण सांगणार, हे निघण्यापूर्वीच विचारा. वाट पाहण्याचे ते दिवसच जास्त जाळतात.

झोप आणखी दोन आठवडे अशीच राहिली तर डॉक्टरांना सांगायचं, अंगावर काढायचं नाही. त्या फोटोच्या दिवशी मी नेरूळहून ठाण्याला येते. तारीख कळवा.

तुमची,
लेक