आरओ बंद आहे, बुधवारी या

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

काल, सोमवारी, पहाटेची एसटी पकडून मी आमच्या तालुक्याच्या डायलिसिस केंद्रावर पोचलो. टेक्निशियन दारातच म्हणाला, "सर, आरओ बंद आहे. बुधवारी या." आरओ म्हणजे डायलिसिसचं पाणी शुद्ध करणारं यंत्र. शुक्रवारपासून अंगात साठलेलं अडीच-तीन किलो पाणी घेऊन मी परत फिरलो. रात्री आडवं होताच दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून रात्र काढली. बायकोही डोळ्याला डोळा न लावता शेजारी बसून होती.

दोन वर्षांपूर्वी या केंद्राची फीत कापली, तेव्हा तीन महिन्यांत दुसरा आरओ प्लांट बसेल असं माईकवरून जाहीर झालं होतं. मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

मी २७ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पाण्यात टाकलेले मनुके फुगतात ते दाखवून पोरांना पटलातून पाणी कसं जातं हे समजावलं. आता माझा जीव अशाच एका पटलावर आहे. डायलायझर म्हणजे वीतभर नळी, आत केसासारखे हजारो पोकळ तंतू, त्यांच्या भिंतींना काही नॅनोमीटरची छिद्रं. टाकाऊ युरिया बाहेर जातो, रक्तातली मोठी प्रथिनं आत राहतात. तंतूंच्या बाहेरून मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव वाहतो. चार तासांचे १२० लिटर, आठवड्याच्या तीन खेपांचे ३६०. एवढं पाणी एका पातळ पडद्याआडून माझ्या रक्ताला भिडतं, आणि ते शुद्ध करणारं यंत्र यंदा सहाव्यांदा बंद पडलं. सातव्यांदाही असेल, मी मोजणं सोडलं.

डायलायझरवर माझं नाव लिहिलेलं आहे. तोच धुऊन पुन्हा लावतात. पांढरे तंतू तपकिरी पडलेत, कडेचे तर काळेच. विचारलं की उत्तर एकच, नवा स्टॉक आला नाही.

आणि संशोधन होत नाही असं कुणी सांगू नये. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेन नळी पिंपाला गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड चालवलं. पेशीत पाण्याची वाट उघडणारं ॲक्वापोरिन हे प्रथिन शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. तेच प्रथिन बसवून आज पाणी गाळायची पटलं बनतात. आपल्या पवईत, आयआयटीत, प्रा. जयेश बेल्लारे यांच्या गटाने पॉलिसल्फोन या प्लास्टिकमध्ये ई-जीवनसत्त्वापासूनचा घटक मिसळून डायलिसिससाठी पोकळ तंतू तयार केले. केंद्र सरकारने २००७ मध्ये नॅनो तंत्रज्ञानाच्या संशोधनासाठी नॅनो मिशनला १००० कोटी मंजूर केले. मग पवईचा तंतू आमच्या वॉर्डापर्यंत यायला अडतं कुठे? जिल्ह्याला विचारलं तर टेंडर मुंबईत अडकलंय. मुंबईला फोन केला तर जिल्ह्याकडून प्रस्तावच आलेला नाही. या दोन फोनांच्या मध्ये माणसं मरतात, साहेब. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मावशी दिवाळीनंतर आल्या नाहीत. खेपा फुकट जायच्या, मजुरी बुडायची, शेवटी मुलाने आणणं सोडलं. त्यांची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होते?

दुसरा आरओ प्लांट बसवा आणि डायलायझर किती वेळा धुवायचा याची मर्यादा भिंतीवर लिहून ती पाळा. आपल्या प्रयोगशाळेत बनलेल्या पटलाची चाचणी आमच्यासारख्या केंद्रांवर घ्या. चाचणीच्या संमतीपत्रावर सही करायला मी तयार आहे.

उद्या बुधवार. पहाटेचा गजर लावलाय.

आपला,
तालुक्याच्या केंद्रावरचा एक डायलिसिस रुग्ण