स्नूपीच्या धावपळीत चार्ली मागे

महोदय,

‘द स्नूपी शो’ या ॲनिमेशन मालिकेवरील परीक्षणात तिच्या चित्रशैलीचे झालेले कौतुक रास्तच आहे. मात्र ती ज्या ‘पीनट्स’ या वृत्तपत्रीय चित्रपट्टीवर (कॉमिक स्ट्रिप) बेतली आहे, त्या मूळ पट्टीचे वेगळेपण केवळ रेषेत नव्हते, हा मुद्दा त्यात निसटला. चार्ल्स शुल्झ यांनी १९५० ते २००० अशी जवळपास पन्नास वर्षे ही पट्टी मदतनिसांविना रेखाटली आणि तिच्यातील विनोद बहुतेकदा स्नूपी या कुत्र्याचा छोटा मालक चार्ली ब्राउन याच्या हरण्यातून व त्यानंतरच्या अबोल चौकटीतून उमटे. या पट्टीवरील १९६५ च्या दूरचित्रवाणी नाताळ विशेष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित हशा घालण्यासही शुल्झ यांचा विरोध होता. नव्या मालिकेत मात्र स्नूपीची धावपळ (लहानग्यांना ती आवडणारच) इतकी पुढे येते, की विटांच्या भिंतीवर कोपरे टेकून बोलणाऱ्या चार्ली आणि त्याचा मित्र लायनस यांच्या वाट्याला फारसा निवांतपणा उरत नाही.

– एक वाचक