खड्ड्याचाही फोटो छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या वळवानंतर आपल्या अंकात पडलेल्या झाडांचे फोटो पाहिले. मोटारीवर आडवी झालेली फांदी, आणि खाली ओळ, ‘सोसाट्याच्या वाऱ्याने झाड उन्मळून पडले.’ बातमी खोटी नाही, अपुरी आहे. आमच्याही परसातले एक झाड त्याच दिवशी गेले. ते वाऱ्याने पडले असे सगळे म्हणतात. मला तसे म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र.

सहकारनगरात आमचे जुने बैठे घर आहे. मागे परसात, गल्लीकडच्या भिंतीपासून जेमतेम दोन फुटांवर, वडिलांनी 1978 साली लावलेला गुलमोहर होता. परसाच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या काकूंची तारेची जाळी. दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळवंडले, धुळीचा लोट उठला आणि वारा गल्लीच्या बाजूने आत घुसला. ऐन मे महिन्यात फुलांनी लगडलेला अख्खा गुलमोहर काकूंच्या जाळीवर जाऊन पडला. जाळीचे चार लोखंडी अँगल बुडापासून वाकले, जाळी चटईसारखी जमिनीला चिकटली, काकूंचा कढीपत्ता खाली गाडला गेला. घरात येणारी सर्व्हिस वायर फांद्यांत गुंतून लोंबत होती. माझ्या भिंतीला मात्र ओरखडासुद्धा नाही. ही भिंत लक्षात ठेवा.

पहिला फोन वीज तक्रारीच्या 1912 क्रमांकावर केला. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणालाही झाडाजवळ फिरकू दिले नाही. गल्लीतला एक उत्साही तरुण कोयता घेऊन आला होता, त्याला चहा देऊन बसवून ठेवला. दुसऱ्या दिवशी फोटो काढून वृक्ष अधिकाऱ्यांना कळवले, मग कटर घेऊन माणसे आली. त्यांचा मुकादम सत्तरीचा असावा. बुंध्याला हात लावण्याआधी त्याने सगळ्यांना मुळे उपटून झालेल्या खड्ड्यापासून लांब हाकलले. म्हणाला, “साहेब, खोडाचं वजन उतरलं की बुडखा परत उभा राहतो. खड्ड्यात पोरं उतरली असली तर गाडली जातात.” वाकून ताणलेल्या फांदीला तो आधी दाबाच्या, म्हणजे बाकाच्या आतल्या बाजूने थोडी खाच घ्यायचा, मग ताणाच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूने कापायचा. उलटे केले की फांदी चिरफाळून तोंडावर येते. हे पाहिल्यावर कोयतेवाल्याला चहा दिला ते बरेच झाले असे वाटले.

मग मी खड्ड्यापाशी गेलो. काकूंच्या बाजूची मुळे पिरगळून मोडली होती, आतले पांढरे धागे बाहेर आले होते. गल्लीकडची चार मुळे मनगटाएवढी जाड, पण टोके सपाट. काळी पडलेली. बोटाने दाबले तर भुसा निघाला. ती वाऱ्याने तुटलेली नव्हती. 2016 साली भिंत नव्याने बांधताना ही मुळे मीच तोडून घेतली होती.

इथे सांगायला हवे की मी स्ट्रक्चरल ड्राफ्ट्समन म्हणून चाळीस वर्षे नोकरी केली. शेडची छपरे, होर्डिंगचे सांगाडे, हेच काम. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरतात, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. झाडाची वाऱ्याकडची मुळे तंबूच्या दोरांसारखी काम करतात, हेही कळत होते. तरी मिस्त्रीने “साहेब, मुळं आडवी येतायत, काय करू?” असे विचारले तेव्हा मी “तोड” म्हणालो. का, तर पायाचा चर सरळ रेषेत यावा. मुळांच्या दोन बाजूंना दोन छोटे खांब घेऊन वरून बीम नेला असता तर मुळांना धक्का लागला नसता. अर्ध्या तासाचे ड्रॉइंग होते.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात पुण्यात कितीतरी झाडे गेली, आमचा गुलमोहर मात्र राहिला. काही बिघडले नाही, असे मी समजलो. पण कापलेल्या टोकांतून कूज आत सरकत होती. गेले दोन पावसाळे बुंध्याशी तपकिरी, कडक भूछत्रे उगवत होती आणि मी नातीला दाखवायला त्यांचे फोटो काढत होतो! तारांना लागतात म्हणून फांद्याही गल्लीकडच्याच छाटल्या जात. सगळा भार काकूंकडे.

गुलमोहर मुळात मादागास्करचा, मुळे उथळ, लाकूड ठिसूळ, तो पडायचाच, असे समजावणारेही भेटले. खरे आहे. म्हणून तर त्याची मुळे तोडायची नसतात. आपल्याकडे 1975 पासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याच्या व्याख्येत ‘झाड पाडणे’ यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. म्हणजे कायद्याच्या भाषेत मी गुलमोहर 2016 मध्येच पाडला होता. आडवा व्हायला त्याने वेळ घेतला एवढेच.

काकू म्हणाल्या, “देवाचा वारा, त्याला तुम्ही काय करणार? जाळीचा खर्च निम्मा निम्मा करू.” मी त्यांना खड्ड्यापाशी नेऊन ती चार टोके दाखवली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “असं आहे होय? मग सगळे तुम्हीच द्या.” दिले.

आता विनंती. फांदीखालच्या मोटारीचा फोटो जरूर छापा, पण छायाचित्रकाराला दोन पावले पुढे जाऊन खड्ड्याचाही काढायला सांगा. मुळे पिरगळलेली आहेत की सपाट कापलेली, तिथे केबलचा, ड्रेनेजचा किंवा माझ्यासारख्याच्या भिंतीचा चर गेला होता का, हे वाचकांना दिसू द्या. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला 2013 मध्येच सांगितले होते. मी परवा टेप घेऊन आमच्या गल्लीत फिरलो. मीटर सोडा, एका बकुळीला पेव्हर ब्लॉक इतके भिडले आहेत की सालीवर त्यांचा कंगोरा उमटला आहे.

आमचा बुडखा चेन पुलीने काढून कडेला ठेवला आहे, खड्डाही उघडाच आहे. डास होतील म्हणून तो बुजवा, असा काकूंचा तगादा आहे. कुणाला पाठवणार असाल तर पाऊस लागायच्या आत पाठवा. एकदा चिखल झाला की कापाच्या खुणा दिसायच्या नाहीत.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, सहकारनगर, पुणे