छकुलीच्या लॉ कॉलेजबद्दल

पुणे, २० जुलै २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा दादाच्या छकुलीच्या लॉ कॉलेजचा विषय निघाला आणि दादाने फोन स्पीकरवर टाकला, तिथेच सगळं बिनसलं. चौघं एकदम बोलायला लागले, बाबांना कानाचं मशीन लावूनही धड ऐकू येईना, आणि शेवटी मीच चिडून "बघू नंतर" म्हणत ठेवून दिला. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, चष्मा सापडला नाही तर छकुलीकडून वाचून घे. तिनेही ऐकलेलं बरं.

बाबा, तुमचं म्हणणं मला कळलं. वकिली कोर्टात शिकतात, कॉलेज म्हणजे डिग्रीचा कागद, मग त्या कागदासाठी पोरीला पुण्याला ठेवून पैसे का घालवायचे? दादाचं म्हणणं त्याच्या पुढचं. आपल्याकडच्या कॉलेजात चालू वकील येऊन शिकवतात, म्हणजे सगळं प्रॅक्टिकल. पुण्यात नुसती थिअरी घोकून घेतात.

पंधरा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी टाळी दिली असती. माझा कोर्टातला पहिला दिवस तुम्हाला कधी सांगितला नाही, लाज वाटायची. २००८ सालची गोष्ट. ज्यांच्याकडे उमेदवारी करत होते त्या सीनिअर सरांनी हातात फाईल ठेवली आणि म्हणाले, "निशाणी पाचला से टाकून ये, आणि दुसऱ्या मॅटरमध्ये पुरसीस दे." मला राज्यघटनेच्या पेपरात वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. घटनेच्या मूळ चौकटीवरचा केशवानंद भारतीचा १९७३चा निकाल, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, कोण कुठल्या बाजूला, सगळं तोंडपाठ. आणि मी काय केलं असेल? कोर्ट नंबर पाच शोधत अर्धा तास जिने चढत-उतरत राहिले.

शेवटी एका शिपायाला दया आली. निशाणी म्हणजे फाईलमधल्या कागदाचा नंबर, दाव्याला निशाणी एक पडते, मनाई हुकमाच्या अर्जाला पाच, आणि त्या अर्जावर समोरच्याने द्यायचं उत्तर म्हणजे 'से', हे मला त्याने शिकवलं. पुरसीस म्हणजे कोर्टाला दोन ओळींत कळवायचा मजकूर. पाच मिनिटांचं ज्ञान, बाबा. तीन वर्षांच्या कॉलेजात ते द्यायला कुणाला सवड झाली नव्हती.

बाकीचं सरांच्या कारकुनांनी शिकवलं. कोर्ट फी किती, वकील कल्याण निधीचं, म्हणजे वेलफेअरचं तिकीट कुठे लावायचं, कागदयादी कशी करायची. दाभणाचं भोक कुठे पाडायचं यावर तर एक सबंध दुपार गेली. "समासात पाडा ताई, अक्षराला भिडवू नका. नाहीतर साहेब वाचायला लागले की प्रत्येक ओळीचा पहिला शब्द दोऱ्यात जातो." अजून ज्युनिअर मुलांना मी त्यांच्याच शब्दांत सांगते. ते कारकून गेले, त्याला आता सहा वर्षं झाली.

पण हे सगळं दोन-तीन महिन्यांत आलं. प्रॅक्टिकल प्रॅक्टिकल म्हणून लोक ज्याच्या नावाने गळा काढतात, त्यातलं निम्मं असं असतं. शिकवणारा भेटला की दिवाळीपर्यंत येतं.

जे तसं येत नाही, त्याची एक गोष्ट सांगते. वकिली सुरू करून चारेक वर्षं झाली असतील. एक शिंपीकाका आले. मालकाने रात्रीत गाळ्याचं कुलूप बदललं, मशीन बाहेर पदपथावर. भाडेकरार तोंडी, पावत्या नाहीत. दोन वकिलांनी सांगितलं होतं, कागद नाही तर केस नाही. मीही तेच सांगून त्यांना वाटेला लावणार होते, आणि एकदम कॉलेजमधल्या विधिशास्त्राच्या, म्हणजे कायद्यामागचा विचार शिकवणाऱ्या मॅडम आठवल्या. त्यांचा तास सगळ्यात कंटाळवाणा. तीन आठवडे त्या एकच प्रश्न घेऊन बसल्या होत्या: मालकी नसलेल्या माणसाच्याही ताब्याला कायदा संरक्षण का देतो? आम्ही मागच्या बाकावर फुली-गोळा खेळायचो. उत्तर असं, की ज्याला त्याला आपला हक्क मनगटाच्या जोरावर वसूल करू दिला तर कोर्टाची गरजच उरत नाही. मालक असशील, पण कुलूप बदलायचं तर आधी कोर्टात ये. याच विचारातून विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६ आलंय. बेकायदा हुसकावलेल्या माणसाने सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर मालकी कुणाची हा प्रश्न बाजूला राहतो. काकांना हुसकावून पाच महिने होऊन गेले होते. दावा लावला. वेळ बराच लागला, पण गाळ्याचा ताबा मिळाला.

ते कलम त्या दोन वकिलांनीही कधीतरी वाचलं असणारच. ते कशासाठी आहे हे डोक्यात बसलं नव्हतं, म्हणून ऐन वेळी आठवलं नाही.

गेल्या वर्षी १ जुलैला फौजदारी कायदे बदलले तेव्हाही हेच पाहिलं. खुनाच्या ३०२चं १०३ झालं, अटकपूर्व जामिनाचं ४३८ आता ४८२, आणि जुनं ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, ते ५२८वर गेले. आकडे पाठ करून उभं आयुष्य काढलेली मोठी माणसं बाररूममध्ये कोष्टक घेऊन बसली होती. मग प्रश्न आला, गुन्हा २८ जूनला घडला आणि फिर्याद ३ जुलैला नोंदली तर कुठला कायदा? ज्याला घटनेचं कलम २०(१) समजलं होतं त्याला कोष्टक लागलं नाही. कृत्य घडलं तेव्हा जो कायदा होता त्यानेच शिक्षा, म्हणून गुन्ह्याला जुनी दंडसंहिता, आणि तपास-चौकशीची रीत मात्र नवी.

आता बाबा, तुम्ही म्हणाल, म्हणजे तू थिअरीवाली. थांबा जरा.

कॉलेजने विचार शिकवावा, कोर्टाचं काम सीनिअरकडे उमेदवारी करून शिकावं, हे मीही बरीच वर्षं ठासून सांगायचे. एका चर्चेत तर माइकवर बोलले होते. गेल्या दिवाळीत घरी आले होते तेव्हा माळ्यावरून पितळी भांडी काढताना आईने तुमच्या डायऱ्यांचा गठ्ठा खाली दिला. २००८ची उघडली. दर महिन्याच्या सात तारखेला, दुधाच्या आणि वाण्याच्या हिशेबाखाली, एकच ओळ: "पुणे, लेकीस, ३,०००." पानं उलटत गेले. सव्वीस महिने. त्यातल्या एका महिन्यात खाली लिहिलंय, "ओव्हरटाईम." आणखी एका महिन्यात, "हिची पाटली."

आई, पाटल्या जुन्या झाल्या म्हणून मोडल्या असं तू मला सांगितलं होतंस.

सर सज्जन होते, पण पहिली दोन वर्षं ते मला बसभाड्याचे पैसे द्यायचे, तेही आठवण झाली तर. तेव्हा सगळीकडे तसंच होतं, आजही पुष्कळ ठिकाणी तसंच आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वकिलांच्या शिखर संस्थेने, बार काउन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं, ज्युनिअरला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. शिफारस आहे, सक्ती नाही.

तुम्ही परवा म्हणालात, कंडक्टरकी काय मी वर्गात शिकलो का, फलटण-पुणे मार्गावरच शिकलो ना. खरंय. पण पहिल्या फेरीपासून तुमच्या हातात रोजंदारी पडत होती, बाबा. माझ्या उमेदवारीची रोजंदारी तुम्ही दिलीत. माझ्या वर्गातल्या दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या. त्यांच्या घरून तीन हजार येण्यासारखे नव्हते. एक बँकेत लागली, दुसरीचं लग्न झालं. आणि वकिलाचा मुलगा जेवताना निशाणी पाच ऐकतच मोठा होतो, त्याला कॉलेजने काही नाही शिकवलं तरी चालतं. प्रॅक्टिकल बाहेर शिका, हे सांगणाऱ्याच्या घरी बहुतेक चेंबर असतं. मी हे माइकवर कसं बोलले कोण जाणे.

कागदावर तर सगळं आहे. बार काउन्सिलच्या २००८च्या नियमांत मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, तडजोडीचे मार्ग आणि अभिरूप न्यायालय (सरावाचं लुटुपुटीचं कोर्ट) असे प्रात्यक्षिकाचे चार पेपर सक्तीचे. पाच वर्षांच्या कोर्सला वीस आठवडे इंटर्नशिप. प्रत्येक कॉलेजात कायदेविषयक मदत केंद्र. मी आठवड्यातून दोन सकाळी जिथे शिकवायला जाते तिथे मागच्या वर्षी मसुद्याच्या चाळीस वह्या तपासल्या. वादीचं नाव प्रत्येकाचं वेगळं, गाव वेगळं, पण चाळीसही दाव्यांतल्या जमिनीच्या पूर्वेला तोच ओढा आणि दक्षिणेला तोच बंडू नावाचा शेजारी! तीन वर्षांपूर्वीच्या कुणाची तरी वही पिढीजात चालत आलेली.

यंदा मी वही बंद केली. मुलांना मदत केंद्रात बसवते, समोर खरा माणूस आणि त्याची कागदांची पिशवी. पहिल्याच दिवशी एका मुलाने रस्ता अडवल्याच्या तक्रारीवर तीन पानं सुंदर कायदा लिहिला. मी विचारलं, बांध कधी घातला? त्याने विचारलंच नव्हतं. मामलेदार कोर्ट कायद्यात अडथळा काढून घ्यायला सहा महिन्यांत जावं लागतं, तारीखच नाही तर त्या तीन पानांचं काय करायचं? आजोबांनी ती सांगितली होती म्हणे, "गेल्या पोळ्याला." त्याला पोळा कुठल्या महिन्यात येतो ते ठाऊक नव्हतं. हे त्याला कुठला कारकून शिकवणार?

तर छकुलीचं. दादाला सांगा, कॉलेजात वकील शिकवतात की प्राध्यापक, हे विचारू नकोस. मुलांनी लिहिलेले दावे कुणी लाल शाईने तपासून परत देतं का आणि मदत केंद्राला कुलूप असतं की माणसं येतात, एवढं स्वतः जाऊन बघ. चालू वकील शिकवायला असले तरी अकराला कोर्टात त्यांच्या केसेसचं बोर्ड लागतं, तास सोडून पळतात. मी स्वतः पळते.

माझं मत विचाराल तर पुणं. विधिशास्त्र आणि घटना जीव तोडून शिकवणारी माणसं नंतर शोधूनही मिळत नाहीत, आणि निशाणी पाच मी शिकवीन. हे लिहिताना मला कळतंय की छकुलीला आत्या आहे, तिच्या वर्गातल्या बाकीच्यांना नाही. त्यावर माझ्याकडे आत्ता तरी त्या दोन सकाळींपलीकडे उत्तर नाही.

तिला न्यायाधीश व्हायचंय ना? मग आणखी एक. २० मे रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय, आता कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेआधी तीन वर्षं वकिली केलेली असली पाहिजे. २००२ पासून ती अट नव्हती, कॉलेजातून थेट बसता यायचं. म्हणजे पाच अधिक तीन. दादा फीचा हिशेब करून बसलाय, पण खर्चाची खरी तीन वर्षं पाचांनंतर सुरू होतात. तेव्हा तिच्या हातात डिग्री असेल आणि खिशात काही नसेल.

मी पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येते. बाबा, मशीनचे सेल घेऊन येते, तिथे आणू नका, परवाचे लवकर उतरले. आई, पाटल्यांबद्दल आपण बोलणार आहोत, टाळू नकोस. आणि २००८ ते २०१०च्या डायऱ्या माळ्यावर परत टाकल्या असतील तर खाली काढून ठेवा. दादाबरोबर बसून आकडे मांडायचेत.

तुमची,
लेक